इंडिकेटर चालूच राहतो, अन् पाणंदीतला माणूस फसतो

मागच्या महिन्यात करमाळ्याहून येताना माझ्या चुकीनं एकाचा जीव जाता जाता वाचला. पंपात वळताना डावा इंडिकेटर दिला, पेट्रोल भरलं, निघालो. इंडिकेटर तसाच चालू. दोन-तीन किलोमीटर पुढं डाव्या हाताच्या पाणंदीतून एक जण गाडीवर वैरणीचा भारा घेऊन रस्त्याला लागत होता. माझा दिवा लुकलुकतोय म्हणजे मी पाणंदीत वळणार, असं समजून तो सरळ पुढं आला. दोघांनीही करकचून ब्रेक मारले. त्यानं शिव्या दिल्या, त्या बरोबरच होत्या.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं. हेल्मेट, लायसन, उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर, सगळं होतं आणि ते व्हायलाच पाहिजे. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ४४.५ टक्के दुचाकीवरची. पण चालू राहिलेल्या इंडिकेटरबद्दल आपल्याकडं कुणी बोलताना दिसत नाही.

कारचा इंडिकेटर स्टिअरिंग सरळ झालं की आपोआप बंद होतो. आपल्या नेहमीच्या मोटारसायकलींना ती सोय नाही, अंगठ्यानं बटण दाबूनच बंद करायचा. आठवण राहावी म्हणून मीटरमध्ये बारका दिवा दिलाय. पण दुपारच्या उन्हात तो दिसतो का बघा! काच पिवळी पडलेली, वर धूळ, आणि आपली नजर खड्ड्यांवर. चूक चालवणाऱ्याचीच, मान्य. तरी मीटरमध्ये ब्लूटूथ देणाऱ्या कंपन्यांना हा एक दिवा ठळक द्यायला काय होतं?

मी वायरिंगवाल्या मेस्त्रीकडून हँडलवर, मीटरच्या वरच्या कडेला, नारिंगी एलईडी बसवून घेतला. वायर फ्लॅशरच्या पुढं, म्हणजे डाव्या-उजव्या इंडिकेटरच्या लाईनवरून घ्यायची. दोन्ही बाजूंना मिळून एकच दिवा ठेवायचा असेल तर प्रत्येक लाईनला एक डायोड लागतो, नाहीतर डावीकडचा करंट उजवीकडं जातो. बारा व्होल्टला साधा एलईडी थेट जोडला तर जळतो, रेझिस्टर पाहिजेच. काही जण बझर लावतात. तोही चालतो, पण फुटक्या सायलेन्सरपुढं त्याचं काही चालत नाही.

एक घोटाळा सांगून ठेवतो. जुन्या गाड्यांत मीटरमध्ये दोन्ही बाजूंचा मिळून एकच दिवा असतो, त्याला अर्थ मिळतो दुसऱ्या बाजूच्या बल्बातून. पोरं हौसेनं चारही बल्ब काढून एलईडी टाकतात, मग एक बाजू दाबली की चारही लुकलुकतात! किंवा जुना फ्लॅशर एकदम फास्ट पळतो. एलईडीचा फ्लॅशर आणि डायोड बसवल्याशिवाय त्या नादाला लागू नका. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापायच्या आधी शोरूमला विचारा.

आणि हा दिवा फक्त आपल्याला दिसला पाहिजे. समोरच्याच्या डोळ्यात जाणारे लाल-निळे झगमग दिवे नकोत. रात्री आपल्याच डोळ्यावर येत असेल तर वर चिकटपट्टीचा तुकडा लावा, मी तेच केलंय. परवा बाजाराला जाताना मागं बसलेली आई म्हणाली, "आरं, तुझं ते लुकलुकतंय बघ." बघितलं तर खरंच, वळण मागं पडलं होतं.