राणीचें पुण्य, कंपनीचें पाप

व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीचे गोडवे गातांना आमचे कांहीं विद्वान् मोठा चमत्कारिक जमाखर्च मांडतात. १८५३ ची बोरीबंदर-ठाणें आगगाडी आणि १८५७ चें मुंबई विद्यापीठ राणीच्या खातीं जमा. १८४८ त सातारचें राज्य खालसा झालें, तें मात्र कंपनीच्या नांवें! राणी तख्तावर आली १८३७ त आणि हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून तिच्याकडे गेला १८५८ त. मग आगगाडी व विद्यापीठ हींही कंपनीचींच म्हणा.

शिवाय कंपनी निरंकुश नव्हतीच. तिच्यावर राणीच्या मंत्र्याची देखरेख होती. पदच्युत प्रतापसिंह महाराजांची दाद लावून घेण्यासाठीं रोहिडखोऱ्यांतील कारीचे रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनांत खेटे घालीत राहिले. धनी १८४७ त काशीस वारले, पुढच्याच वर्षीं राज्य गेलें, तरी हा इमानी पुरुष हलला नाहीं. राणीचा वाडा त्याच शहरांत होता ना?

१८५८ च्या जाहीरनाम्यांत आणखी मुलूख न घेण्याचें अभय आहे. सातारा, नागपूर, झांशी, अयोध्या पोटांत गेल्यावर हा एकादशीचा संकल्प! आमचें पाली भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानांतलें. तें संस्थान १९४८ पर्यंत टिकलें, म्हणून राणीचे उपकार स्मरणारे वृद्ध आम्हीं सरसगडाच्या पायथ्याशीं पाहिले आहेत. पण सचिव कोणाचे? ज्या गादीचे ते सचिव, ती सातारची गादी राणीनें परत दिली नाहीं.