विश्लेषण : गिझर दुरुस्त करायचा की बदलायचा? पाणी, व्होल्टेज आणि गळती नेमके काय सांगतात?

थंडी वाढली की बंद पडलेले गिझर दुरुस्तीला येऊ लागतात आणि ‘जुना झालाय, आता नवीनच घ्या’ हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर परिसरात या सल्ल्याची शहानिशा करणे अधिक गरजेचे आहे. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणातून हिंगोली शहराला पाणी जाते, तर आसपासच्या अनेक घरांत बोअरचे पाणी वापरले जाते. एकाच कंपनीचा, एकाच दिवशी घेतलेला गिझर या दोन पाण्यांवर सारखा टिकत नाही. शिवाय गिझरमध्ये दिसणारा प्रत्येक बिघाड गिझरचा असतोच असे नाही.

बोअरच्या पाण्याने काय होते?

मराठवाड्याच्या काळ्या खडकातून मुरत खोल गेलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. धरणात साठलेले पावसाचे पाणी सहसा यापेक्षा सौम्य असते. कठीण पाणी तापले की क्षार वेगळे होऊन एलिमेंटवर, म्हणजे बोलीभाषेतल्या कॉइलवर, पांढरा थर धरतात. तापमान ६० अंशांच्या वर नेले की हा थर झपाट्याने वाढतो.

क्षार साचले की वीज जास्त लागते, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. २,००० वॉटची कॉइल थराखालीही जवळपास तेवढीच उष्णता देते. मात्र ती उष्णता पाण्यात लवकर उतरत नसल्याने कॉइल स्वतः जास्त तापते आणि एक दिवस जळते. तापवताना आतून कडकड, फटफट असा आवाज येऊ लागला तर थर धरला आहे असे समजावे. अशा वेळी टाकी उघडून साफ करणे आणि गरज असल्यास कॉइल बदलणे पुरते. त्यासाठी नवा गिझर घ्यावा लागत नाही.

पाणी उशिरा तापते, म्हणजे गिझर गेला?

येथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट वीज लागते. म्हणजे २,००० वॉटच्या गिझरला सुमारे २१ मिनिटे. पण हे २३० व्होल्टला. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. व्होल्टेज १८० वर आले की तोच गिझर सुमारे १,२२५ वॉटचा उरतो आणि तेवढ्याच पाण्याला ३४ मिनिटे घेतो. रब्बीच्या दिवसांत, मोटारी सुरू असताना व्होल्टेज पडणे ग्रामीण भागाला नवे नाही. त्यामुळे गिझर बदलण्याआधी त्याच वेळी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून घ्यावे. पहाटे वेळेत तापणारा गिझर सकाळी आठला रेंगाळत असेल, तर दोष गिझरबाहेर शोधावा.

गळती कुठून आहे?

खरा निकाल इथेच लागतो. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब थेंब पडणे बिघाड नाही. तापल्यावर पाणी प्रसरण पावते. १५ लिटरमागे साधारण पाव लिटर पाणी वाढते आणि त्याला वाट हवी असते. हा व्हॉल्व्ह गळतो म्हणून बूच मारून बंद करणारे महाभाग आहेत. तो प्रकार जीवघेणा ठरू शकतो. गरम होत नसतानाही तो सतत गळत असेल, तर व्हॉल्व्ह बदलावा.

पाइपच्या जोडाशी किंवा खालच्या झाकणाच्या गॅस्केटमधून गळती असेल तर ती दुरुस्त होते. मात्र जोड कोरडे, गॅस्केट नवे आणि तरीही बाहेरच्या आवरणाखालून पाणी झिरपत असेल, तर टाकीलाच छिद्र पडले आहे. गरम पाणी तांबूस येणे आणि थंड नळाचे पाणी स्वच्छ असणे ही त्याची आधीची खूण. टाकीला वेल्डिंग करून वेळ मारून नेऊ नये. इथे गिझर बदलावाच लागतो.

टाकी एवढ्या लवकर का जाते, याचे उत्तर अनेकदा अॅनोड रॉडमध्ये असते. मॅग्नेशियमचा हा रॉड स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही. तो संपला की गंज टाकीकडे वळतो. क्षाराच्या पाण्यावर तो वर्षातून एकदा पाहायला हवा. प्रत्यक्षात तो असतो हेच बहुतेक घरांत माहीत नसते.

शॉक लागला तर?

नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर एमसीबी बंद करावा आणि तपासणी होईपर्यंत गिझर वापरू नये. कॉइलचे आवरण फुटून वीज पाण्यात उतरते. अर्थिंग नीट नसेल तर ती माणसातून जमिनीत जाते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशा वेळी वीज तोडतो. कॉइल बदलून हा दोष जातो, पण अर्थिंग न तपासता नवा गिझर लावला तर धोका तसाच राहतो. नळातून वाफ फुसफुसत येणे हेही असेच लक्षण. थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही निकामी झाल्याचा तो इशारा असू शकतो.

नवा घ्यायचाच असेल तर?

२२ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी कपातीत विजेवरील गिझर स्वस्त झालेला नाही. त्यावर १८ टक्केच कर आहे. सौर वॉटर हीटरवरील कर मात्र १२ वरून ५ टक्क्यांवर आला. अर्थात क्षार सौर यंत्रालाही सोडत नाहीत. ‘जुना गिझर वीज खातो’ हा विक्रेत्यांचा आवडता मुद्दा. पण स्टार मानांकन मुख्यतः तापलेले पाणी साठवून ठेवताना वाया जाणाऱ्या उष्णतेवर ठरते. आंघोळीआधी अर्धा तास गिझर लावून बंद करणाऱ्या घरात त्यातून होणारी बचत फार मोठी नसते. बोअरचे पाणी असेल तर काचेचा लेप असलेली टाकी आणि बदलता येणारा अॅनोड रॉड याला प्राधान्य द्यावे. आयएसआय चिन्हासोबत आयएस २०८२ हा क्रमांक पाहावा.

बसवताना भिंतीकडेही लक्ष हवे. १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा धक्का जाणवला होता. २५ लिटरच्या भरलेल्या गिझरमध्ये नुसत्या पाण्याचेच वजन २५ किलो असते. असा धक्का बसल्यानंतर बोल्ट सैल झाले आहेत का आणि पाइपच्या जोडाशी ओल आली आहे का, हे वीज बंद करून पाहून घ्यावे.