पाणी प्यायलं म्हणून गोळी निरुपद्रवी होत नाही

मे महिन्यात आतेभावाच्या लग्नासाठी आदिलाबादला गेलो होतो. बाहेर ४४ अंश, घरात कूलर चालू, आणि नवरदेव मात्र बनियन भिजवून बसलेला. महिन्याभरात सात किलो उतरले म्हणून आत्या खूश होती. मला त्याचे हात थरथरताना दिसले.

गच्चीवर नेऊन विचारलं तेव्हा त्याने बॅगेतून डबी काढली. वर नाव नाही, कंपनी नाही. आत कॅप्सूल, कॅप्सूलमध्ये पिवळी भुकटी. "दादा, जिमवाल्यानं दिली. डाएट पाळलं की काही होत नाही म्हणे. पाच लिटर पाणी, केळी, उकडलेली अंडी."

ती भुकटी कसली होती हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण पिवळा रंग आणि तो घाम पाहून मला डीएनपी, म्हणजे डायनायट्रोफिनॉल आठवलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळा कारखान्यांत हे रसायन वापरत. तिथले कामगार बारीक होत, घामाघूम होत, काही जण दगावले. तरीही १९३३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ते वजनासाठी सुचवलं आणि लोकांनी भरभरून घेतलं. दोन वर्षांत तरुण बायकांना मोतीबिंदू होऊ लागले. १९३८ मध्ये ते माणसासाठी अत्यंत धोकादायक ठरवलं गेलं. आज ते चोरून विकलं जातं.

त्याचं काम आपल्या शेतातल्या मोटारीवरून कळेल. मोटार जोरात चालू, पण पाइप मध्येच फुटलेला. वीज जळते, मोटार तापते, पिकाला पाणी नाही. पेशीतही तसंच होतं: खाल्लेल्या अन्नाची शक्ती कामी न येता उष्णता होऊन निघते. आता यात केळ्याने काय होणार? उलट भात-भाकरी जास्त खाल्ली तर जळायला आणखी माल मिळतो. पाण्याने गेलेला घाम भरून निघतो, आतली भट्टी विझत नाही. पॅरासिटामॉलचाही उपयोग नाही, कारण हा नेहमीचा ताप नव्हे. यावर उतारा नाही. औषध अंगात साठत जातं, त्यामुळे चार दिवस ठीक गेले म्हणून पाचवा ठीक जाईल असं नाही. आणि हे सगळं आदिलाबादच्या उन्हाळ्यात!

क्लेनब्युटेरॉलचीही अशीच गत. मुळात दम्याचं औषध. त्याने छाती धडधडते, रक्तातलं पोटॅशियम उतरतं. तिथेही केळी सांगतात. 'हर्बल' पुड्यांवर तर माझा मुळीच विश्वास नाही. हृदयविकाराच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालेलं सिबुट्रामीन परदेशात अशा पुड्यांमध्ये कितीदा तरी सापडलं आहे.

हल्ली गाजणारी वजनाची इंजेक्शनं वेगळी. ती मान्यताप्राप्त आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असतात, आणि तिथे आहाराला खरंच अर्थ आहे. भूक मरते, म्हणून डाळ, अंडी, दही नेटाने खावं लागतं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. तेलकट खाल्लं की मळमळ वाढते. उलट्या थांबेनात किंवा पोटात जोराची कळ आली तर वाट पाहायची नाही.

आतेभावाची नाडी मोजली, बसल्या जागी ११८. त्याच संध्याकाळी डबीसकट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी डबीच मागितली. किती, कधीपासून, शेवटची केव्हा, हे विचारलं. ईसीजी काढला, रात्रभर ठेवून घेतलं. "आईला सांगू नको," असं तो दोनदा म्हणाला. मी सांगितलं. आत्या रडली, मग मला ओरडली, मग त्याला.

लग्न ठरल्या दिवशी झालं. शेरवानी दोन बोटं सैल करून घ्यावी लागली. शिंप्याने तासाभरात करून दिली, पैसेही घेतले नाहीत.