बारा व्होल्टचं रामायण

मंडळी, महिनाभर आमच्या इलेक्ट्रिक गाडीचा डॅशबोर्ड गणपतीच्या मखरासारखा लुकलुकत होता. सर्व्हिस सेंटरवाल्याने लॅपटॉप जोडला, मान हलवली आणि म्हणाला, "साहेब, अख्खा डिस्प्ले बदलावा लागेल." आकडा ऐकून सौ.ने माझ्याकडे असं पाहिलं की जणू बिल मीच छापलंय!

माझा राग आकड्यावर नाही. महिनाभरात एकानेही बॉनेट उघडून साधा मल्टिमीटर लावला नाही, यावर आहे. अहो, पायाखालची मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी डॅशबोर्ड, लॉक, दिवे चालतात ते १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. (मोठीतून तिला चार्ज करतो तो डीसी-डीसी कन्व्हर्टर.) गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १४ च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. माझ्याकडे दिसत होते. पण निगेटिव्हची वायर जरा हलवली की आकडा धाडकन खाली! टर्मिनल ढिलं, वर पांढरी बुरशी. मॅन्युअल बघून वायर काढली, सोड्याच्या पाण्याने घासली, कोरडी करून आवळली. लुकलुक बंद.

"नवी टेक्नॉलॉजी आहे साहेब, हात लावू नका." नारिंगी केबलला नाहीच लावणार, तिथे जिवाशी गाठ आहे. पण त्या भीतीआड पेट्रोल गाडीतलंच जुनं दुखणं लपवून हजारोंचं बिल का फाडायचं?

असो. नाशिकच्या मामांनी नुकतीच इलेक्ट्रिक बुक केलीय. मामा, दिवाळीला येताना मल्टिमीटर घेऊन येतोय!