गावाचा डॉक्टर गावातूनच यावा

खेड्यात डॉक्टर राहत नाहीत, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की ती करणाऱ्यालाही तिचे काही वाटेनासे झाले आहे. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना देशापुढे मांडली. पुढे सपाट प्रदेशात तीस हजार लोकवस्तीमागे एक केंद्र असावे असे प्रमाण ठरले. इमारती उभ्या राहिल्या, पाट्या लागल्या, औषधांची कपाटेही आली. परंतु पाटीवर ज्याचे नाव लिहायचे तो माणूस टिकेना. १९७५ साली श्रीवास्तव समितीने याचे मूळ वैद्यकीय शिक्षणातच असल्याचे दाखवून दिले. आपले शिक्षण मोठ्या इस्पितळासाठी डॉक्टर घडवते, आणि मग तो खेड्यात रमत नाही म्हणून आपणच त्याला दोष देतो!

खजुरीसारख्या सीमेवरच्या गावांना हा प्रश्न दुहेरी जाचतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, हैदराबाद राज्याचे तुकडे पडले आणि शेजारची गावे दोन राज्यांत विभागली गेली. व्यवहार मात्र विभागले गेले नाहीत. आजारी माणूस आजही आळंद, उमरगा, कलबुर्गी, सोलापूर यांपैकी जिकडची गाडी आधी मिळेल तिकडे जातो. घरात मराठी, कचेरीत कानडी आणि बाजारात दखनी बोलणारा हा रोगी आपले दुखणे सांगतो तेव्हा समोरच्या डॉक्टरला ते कळले पाहिजे. रक्तदाब, मधुमेह, क्षय, बाळंतपण, सर्पदंश ही इथली रोजची दुखणी आहेत. त्यांना मोठी यंत्रे कमीच लागतात. ओळखीचा, वेळेवर हजर असणारा आणि पुढच्या महिन्यातही तिथेच असणारा माणूस लागतो.

डॉक्टर तयारच होत नाहीत असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. कलबुर्गीत १९६३ पासून महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. बिदरला २००७ साली आणि कलबुर्गीला २०१३ साली सरकारी वैद्यकीय संस्था निघाल्या. संविधानाच्या ३७१ (ञ) या अनुच्छेदामुळे आपल्या भागातील शिक्षणसंस्थांमध्ये ७० टक्के जागा स्थानिक विद्यार्थ्यांना राखीव झाल्या. ही मोठीच गोष्ट झाली. पण या तरतुदीत एक उणीव राहून गेली. जागा प्रदेशाला मिळाली. ती घेणाऱ्याने प्रदेशात परत यावे असे कुठेच ठरले नाही. शिवाय शहरातल्या शिकवणीवर्गात दोन वर्षे घालवणारा मुलगाही स्थानिक आणि तांड्यावरून चालत शाळेला जाणारी मुलगीही स्थानिकच. या शर्यतीत कोण पुढे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

सरकारने आजवर यावर योजलेला उपाय म्हणजे सक्ती आणि दंड. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्याला एक वर्षाच्या सेवेचा बंध असतो. सेवा न केल्यास दहा लाख रुपये भरून सुटण्याची सोय पूर्वी होती. कर्नाटकाने २०१२ साली सक्तीच्या सेवेचा कायदाच केला. तो पुढे न्यायालयात गेला आणि नंतर शिथिलही झाला. या बंधाचा अर्थ नीट पाहिला तर काय दिसते? ज्याच्या बापापाशी दहा लाख असत त्याला तो सुटकेचा भाव वाटे. ज्याच्यापाशी नसत तो नाइलाजाने येई, पुस्तके उघडून पुढच्या परीक्षेची तयारी करी आणि वर्ष भरताच निघून जाई. गावकऱ्यांना तर दरवर्षी नव्या डॉक्टरला आपले जुने दुखणे पहिल्यापासून सांगावे लागते.

याहून वेगळा मार्ग जगात आहे, आणि तो जुनाही आहे. जपानमध्ये १९७२ साली जिची वैद्यकीय विद्यापीठ स्थापन झाले. तेथे प्रत्येक प्रांतातून दोन-तीन विद्यार्थी निवडतात, सहा वर्षांच्या शिक्षणाचा खर्च प्रांत उचलतो आणि पदवीनंतर नऊ वर्षे त्या प्रांताच्या सेवेत राहायचे असते. मधेच सोडले तर सगळी रक्कम व्याजासह एकदम फेडावी लागते. अमेरिकेतही सत्तरीच्या दशकापासून अशी शिष्यवृत्ती आहे; तेथे वचन मोडणाऱ्याकडून तिप्पट वसुली होते. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात लहान मिशन इस्पितळे विद्यार्थी पुरस्कृत करतात आणि शिकून झाल्यावर तो त्यांच्याकडे सेवा करतो. सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी काढलेल्या महाविद्यालयात तर विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी पहिल्याच वर्षी एक खेडे दत्तक घेते. या सर्वांत एक समान धागा आहे. वचन प्रवेशाच्या आधी मागितले जाते, त्याच्या बदल्यात खरेखुरे काही दिले जाते, आणि कुठे जायचे हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी घ्यावेत आणि सेवेच्या अटीवर शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० साली केली व २०२१ साली ती पुन्हा सांगितली.

मग आपल्याकडे हे का होऊ नये? नंजुंडप्पा समितीच्या २००२ सालच्या अहवालात राज्यातील ३९ अतिमागास तालुक्यांपैकी २१ तालुके एकट्या गुलबर्गा विभागातले होते. या भागासाठी कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळ आहे आणि त्याच्या हाती निधीही आहे. रस्ते व इमारती यांच्याबरोबर त्या निधीतून प्रत्येक तालुक्यामागे दोन वैद्यकीय आणि चार परिचारिकेच्या शिष्यवृत्त्या काढाव्यात, असे मला वाटते. फी, वसतिगृह, पुस्तके यांचा सगळा खर्च त्यात यावा. निवड खेड्यातल्या सरकारी शाळांतून, मग ती मराठी असो, कानडी असो वा उर्दू, व्हावी. सुटीतले काही आठवडे दरवर्षी आपल्याच तालुक्यातील केंद्रात काढावेत. आणि शिकून झाल्यावर पाच वर्षे त्याच भागात सेवा करावी. परिचारिकांचा उल्लेख मी मुद्दाम केला. उपकेंद्रातली परिचारिका हीच पुष्कळदा गावाची पहिली वैद्य असते, आणि जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी तर कमी शिकलेल्या गावच्या बायकांकडूनही किती काम होऊ शकते हे दाखवून दिले आहे.

यावर दोन आक्षेप येतील. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून इतक्या लांबचे वचन घेणे न्याय्य आहे काय? आक्षेप रास्त आहे. म्हणून ही शिष्यवृत्ती ऐच्छिक असावी, पहिल्या वर्षअखेरीस पैसे परत करून बाहेर पडण्याची मुभा असावी. पण हेही विचारले पाहिजे की, ज्या मुलीला शिष्यवृत्तीअभावी वैद्यकीय शिक्षणाचे दारच बंद आहे, तिचे स्वातंत्र्य आपण कोणते राखतो आहोत? दुसरा आक्षेप असा की वचन संपताच तीही निघून जाईल. काही जातीलच. त्यांना थांबवायचे तर राहायला धड घर, सोबतीला दुसरा डॉक्टर, वेळेवर पगार आणि सेवेनंतर कुटुंबवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणात अग्रक्रम द्यावा लागेल. नुसत्या शिष्यवृत्तीने डॉक्टर येईल. टिकायला व्यवस्था लागेल. एकटे माणूस सेवेच्या भावनेवर किती दिवस काढील?

हा लेख वाचणाऱ्यांत विज्ञान शाखेचे विद्यार्थी आहेत आणि त्यांना शिकवणारे प्राध्यापकही आहेत. प्राध्यापकांना विनंती अशी की, आपल्या वर्गात अशी शिष्यवृत्ती कोणाला देता येईल याची यादी त्यांनी मनाशी करून पाहावी. ती नावे त्यांना माहीत असतात. त्या यादीचा आधार घेऊन आपण सर्वांनी, मराठी व कानडी दोन्ही विभागांच्या वाचकांनी मिळून, मंडळाकडे आणि आपल्या आमदारांकडे लेखी मागणी करावी. रोग काही भाषा विचारून येत नाही. निदान ही मागणी तरी आपण एका आवाजात करू या.