फसफसणारा गोळा आणि बादलीचे गणित

दिवाळीच्या तोंडावर भरणाऱ्या प्रदर्शनांत उटणे आणि सुगंधी साबणांच्या शेजारी आता रंगीबेरंगी ‘बाथ बॉम्ब’ही दिसू लागले आहेत. पाण्यात टाकताच फसफसून विरघळणारा हा गोळा इंग्लंडमध्ये १९८९ साली मो कॉन्स्टंटाइन यांनी तयार केला. तो घरी करणे अवघड नाही. मात्र ‘घरी केले, म्हणजे निर्धोक’ ही समजूत तपासून घेतली पाहिजे.

गोळ्याचे मुख्य घटक दोनच: खाण्याचा सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूफूल. कोरडे असेपर्यंत दोन्ही शांत राहतात. पाणी मिळताच त्यांची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. पोटासाठी घेतल्या जाणाऱ्या फसफसत्या चूर्णातही हेच घडते. दोनशे ग्रॅम सोडा आणि शंभर ग्रॅम लिंबूफूल यांच्यातून हिशेबाने सुमारे ३८ लिटर वायू निघू शकतो. म्हणूनच मिश्रण भिजवताना पाण्याचा हबका मारला की गोळा फुगतो, त्याला भेगा पडतात. पावसाळी दमट हवाही एवढे काम करते. असे ओलसर मिश्रण घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत कधीही भरू नये; दाब वाढून बरणी फुटू शकते. लिंबूफुलाची पूड डोळ्यांत गेल्यास चांगलीच झोंबते, त्यामुळे ती हाताळताना मुलांना दूर ठेवावे.

खरा प्रश्न प्रमाणाचा आहे. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा गोळा साधारण दीडशे लिटर पाणी मावणाऱ्या टबासाठी असतो. आपल्याकडे बहुतेक घरांत अंघोळ बादलीत, फार तर पाय बुडवायला घमेले. वीस लिटरच्या बादलीत आख्खा गोळा टाकला, तर सोडा, रंग आणि सुगंधी तेल हे सगळे सात-आठ पट तीव्र होते. बादलीला सुपारीएवढा तुकडा पुरतो. शिवाय नेहमीच्या दोनास एक प्रमाणात बराच सोडा उरतो आणि पाणी किंचित अल्कधर्मी होते. निरोगी त्वचा मात्र थोडी आम्लधर्मी असते. कधीमधीच्या वापराने काही बिघडत नाही; पण इसब असलेल्या किंवा कोरड्या त्वचेला रोज असे पाणी सोसत नाही.

‘नैसर्गिक तेल’ हा शब्दही असाच फसवा आहे. दालचिनी, लवंग यांची तेले त्वचेला पोळू शकतात. लिंबू, लॅव्हेंडर यांच्या तेलांतील काही घटक हवा लागून जुने झाले, की त्यांची अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता वाढते. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते आणि अंगाला थेट लागते. त्यामुळे थेंब मोजूनच घालावेत. न्हाणीघरातली फरशी त्याने निसरडी होते, हेही घरातल्या वृद्धांसाठी ध्यानात ठेवावे. लहान मुलांच्या नाजूक भागांची सुगंधी पाण्याने जळजळ होऊ शकते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तर गरम पाण्यात पाय बुडवून बसणेच टाळावे. चटका बसला तरी त्यांना कळत नाही. चकाकीसाठी प्लॅस्टिकची चमकी घालू नये. ती गटारातून नदीत जाते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा सुट्या चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले आहेत.

घरच्यांसाठी गोळे करणे ही हौस आहे. विकणे हा व्यवहार आहे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार विक्रीसाठी उत्पादन करायला परवाना लागतो आणि वेष्टनावर घटक, उत्पादकाचे नाव-पत्ता, वापराची मुदत द्यावी लागते. अनेक महिला या छोट्या उद्योगातून चार पैसे मिळवतात. त्यांच्यावर बडगा उगारण्यापेक्षा अन्न व औषध प्रशासनाने परवान्याची माहिती सोप्या मराठीत त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. ग्राहकानेही वास घेऊन भाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: यात काय काय आहे, आणि एका बादलीला किती टाकायचे? ज्या विक्रेत्याला ही दोन उत्तरे देता येतात, त्याच्याकडचा गोळा निश्चिंतपणे घ्यावा.