मागच्या दोन खुर्च्या

अमेरिकेतला माझा भाचा घरच्या गॅरेजात किटचं विमान बांधणार आहे. कुठलं, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मामा, आरव्ही-१०! चार जण बसतात, २६० हॉर्सपॉवर!" आणि पुढे वेगाचे आकडे.

मला हे मुळीच पटत नाही. तिथला नियम सांगतो, घरगुती विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेलं हवं. शिक्षणासाठी! जन्मभर खडू झिजवलेल्या माझ्या नजरेतून हा शब्द सुटेल कसा? मग पहिला प्रश्न वेगाचा का?

त्याच कंपनीचं आरव्ही-१२ दोघांचं, १०० हॉर्सपॉवरचं. त्याचे बहुतेक रिव्हेट एका बाजूने ओढून बसतात, एकट्याने जमतं. आरव्ही-१० चे कितीतरी रिव्हेट ठोकताना पलीकडून लोखंडी ठोकळा धरायला दुसरं माणूस लागतं. ते कोण? नोकरीवरून दमून आलेली बायको? आणि मागच्या दोन खुर्च्यांवर कोण बसणार? मुलगी तर कॉलेजला दूर गेली.

दहावीलाही हा आधी सर्वांत अवघड गणित घेऊन बसला होता. निम्मा पेपर कोरा! तेही सुनावलं. फोन ठेवला नाही त्याने, एवढंच.